खाली फळा, वर कॉम्प्युटर

२ जानेवारी २००६

एकच घर, दोन पाट्या. खाली : ‘प्रोग्रॅमिंग – पायापासून. प्रा. कमरोद्दीन (निवृत्त).’ वर : ‘शमशाद कॉम्प्युटर्स – शंभर टक्के प्रॅक्टिकल.’ वेळ दोन्हींची एकच, संध्याकाळी सहा ते आठ. खाली बाप शिकवतो, वर मुलगी.

मी जिन्यापाशी उभी. चप्पल कुठं काढायची तेच ठरेना.

जिना वळतो तिथं एक कट्टा आहे. त्यावर एक बाई लसूण सोलत बसल्या होत्या. आबेदाबी – शमशादची आई, सरांची बायको. म्हणाल्या, “नीचे जाना या ऊपर? जल्दी बोलो. मेरे को चाय रखनी है.”

आज कुठंच गेले नाही. चहा मात्र प्यायले.

३ जानेवारी

कारण एकदा लिहून टाकते, म्हणजे रोज मनात येणार नाही.

कॉलेजात मी तासांवर मराठी शिकवते. प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षी तास नाहीत. मराठी घेणारी मुलंच नाहीत. हे त्यांनी इतक्या शुद्ध मराठीत सांगितलं की वाईट वाटायला वेळ लागला.

आप्पांचा वैजापूरहून फोन. “मे पातुर ऱ्हा आत्याकडं. मंग घरी ये. संस्थेत लावतो. मास्तरीणच व्हायचं ना? मंग घरून हो.”

चिकलठाण्याला एक कंपनी शिकाऊ घेणार आहे. कुठलाही पदवीधर चालतो. एप्रिलमध्ये परीक्षा – अर्धी कागदावर, अर्धी मशीनवर. निवड झाली तर मी या शहरात राहीन. नाही झाली तर वैजापूर. वैजापूर वाईट नाही. पण तिथं मी आप्पासाहेबांची मुलगी. इथं मी कुणाचीच कुणी नाही. ते मला आवडतं.

५ जानेवारी

खाली गेले. फळ्यावर विश्वास आहे म्हणून. बाही खडूनं पांढरी झालेला माणूस दिसला की मी बसते.

सरांनी दोन तासांत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द उच्चारला नाही! विषय – रांग. “जो आधी आला, तो आधी गेला. नियम संपला. एवढा साफ नियम दुनियेत दुसरा नाही.” मी तो वहीत दोनदा लिहिला.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, कॉम्प्युटरला हात कधी लावायचा?”

“आधी डोकं लावा. हाताला काय घाई आहे?”

८ जानेवारी, रविवार

आत्यानं गव्हाचा डबा दिला. सोबत नेहमीचं वाक्य – “आधी काय दळलं ते विचार. बाजरीवर आपले गहू टाकू देऊ नको.” चौथीत असल्यापासून, सुट्टीत आले की हे वाक्य ऐकते. आता ऐकूही येत नाही.

कडूबाच्या गिरणीत अंधार. लोडशेडिंग. डबे दारापासून नाल्यापर्यंत. बायका भांडतायत – कुणाचा आधी, कुणाचा मागून. कडूबा पोत्यावर बसून हात जोडतोय : “भांडा! माझ्याशीच भांडा! लाइट मीच घालवतो ना!”

वच्छलाबाईंनी आपला डबा पायानं हळूच पुढं सरकवला. सगळ्यांनी पाहिलं. वच्छलाबाईंना बोलायची हिंमत या गल्लीत कुणाची नाही.

१२ जानेवारी

पहिला पूर्ण प्रोग्रॅम लिहिला – पेनानं! सरांनी लाल शाईनं फक्त एक अर्धविराम घातला. मराठीचाच तास वाटला.

१९ जानेवारी

वरून हसण्याचे आवाज येतात. तिथले लोक आठवड्यात काहीतरी चालवून दाखवतात. पडद्यावर चेंडू उडतो, रंग बदलतो. आमच्याकडं अजून खडू.

धीर करून सरांना विचारलं, एक दिवस खाली, एक दिवस वर आले तर?

“बाई, पुस्तक वाचून विहिरीत उडी मारता येते. उडी मारल्यावर पुस्तक वाचता येत नाही.”

जिन्यात शमशाद भेटली. माझ्याच वयाची. ओढणीला पेन अडकवलेलं. तिला हे सांगितलं.

“आणि पुस्तक वाचून बुडालेले? त्यांची नावं अब्बा कधी सांगत नाहीत!”

आबेदाबी कट्ट्यावरून – “मेरे को मत पूछो. मैं किनारे पे बैठी.”

२१ जानेवारी

भांडणाचं मूळ कळलं. आबेदाबींनीच सांगितलं, मेथी निवडता निवडता. शमशाद सरांकडं शिकली. सगळं फळ्यावर. परीक्षेत पहिली आली. पुण्याला नोकरी लागली आणि पहिल्या दिवशी तिला समोरचं मशीन चालू करता येईना. सगळं ऑफिस हसलं. चार वर्षांनी परत आली, वर क्लास काढला. बापाला एकच वाक्य म्हणाली होती : “अब्बा, आपने सब सिखाया, बटन नहीं सिखाया.”

तेव्हापासून दोघं थेट बोलत नाहीत. “अब्बांना सांगा, जेवण वाढलंय.” “शमशादला सांगा, भूक नाही.” मधे आबेदाबी. “पोस्ट ऑफिस हूं मैं,” म्हणाल्या.

२६ जानेवारी

सरांची दरवर्षीची रीत – झेंडावंदन झालं की वर्ग घेऊन दौलताबाद. या वयात सर सगळ्यांच्या पुढं! किल्ल्यातल्या अंधारीच्या वाटेत आम्ही भिंती चाचपत होतो. सर पुढून ओरडले, “डावीकडं वळण आहे! मला दिसत नाही, पण माहीत आहे!”

वर पोचलो तेव्हा ते आधीच बसून पेरू खात होते.

२७ जानेवारी

सरांना म्हटलं, माझा कागदावरचा प्रोग्रॅम शमशादनं चालवून पाहिला. चालला! एकदा वर येऊन बघा ना.

“गुडघा दुखतो. जिना चढवत नाही.”

काल किल्ला चढले!

१ फेब्रुवारी

वर गेले. सरांना आधी सांगितलं. म्हणाले, “ठीक. फळा इथंच आहे.” आणि फळा पुसला. तो कोराच होता.

वर शमशादचा पहिला धडा – “चालू कर. बिघडव. काय बिघडलं ते मला सांग.” मी मशीनला पाहुण्यांच्या घरातल्या कपबशीसारखा हात लावत होते. तिनं माझं बोट धरून बटनावर दाबलं.

संध्याकाळी बिघडवलं. खूप मजा आली!

४ फेब्रुवारी

लाइट गेली की वरचा वर्ग गच्चीवर जातो. शेंगदाणे, अंताक्षरी. मी जिना उतरते. खाली कंदील असतो. लाइट गेल्यानं सरांच्या वर्गाचं काहीच बिघडत नाही – हा त्यांचा एकमेव विजय, आणि ते तो रोज साजरा करतात. मला पाहून फक्त म्हणतात, “आलात?”

लाइट आली की पुन्हा वर. शमशाद पाहते आणि न पाहिल्यासारखं करते.

आबेदाबी – “आज कित्ते फेरे हुए तेरे?”

७ फेब्रुवारी

कडूबा वर आला. अंगभर पीठ. दारातच उभा – “शमशादताई, एक कॉम्प्युटर द्या गिरणीत बसवायला.”

“कशाला?”

“नंबर ठरवायला. डबे साचतात, लाइट येते थोडा वेळ, अन् बायका मला खातात. मला भांडणात पडायचंच नाय. म्हणायचं – मशीन म्हणतं तसं. मशीनशी भांडा. त्याला ना लाज, ना सासुरवाडी!”

शमशादनं ते काम मला दिलं. “काम खरं. माणसं खरी. चुकलीस तर शिव्याही खऱ्या.”

मला लगेच सुचलं. रांग! जो आधी आला, तो आधी गेला. नियम संपला.

१७ फेब्रुवारी

बसवलं. शमशादचं जुनं मशीन, प्लॅस्टिकच्या कापडाखाली, गिरणीच्या कोपऱ्यात. लाइट नसताना डबे ओळीनं ठेवायचे, लाइट आली की कडूबानं एका बोटानं नावं भरायची. पडदा नंबर सांगतो. मी त्याला बजावलं, “मधे हात घालायचा नाही. मशीन म्हणेल तसंच.”

“आता कशाला घालू! सुटलो!”

वच्छलाबाईंनी डबा पायानं सरकवला. पडद्यावरचं नाव हललं नाही. त्यांनी पडद्याकडं पाहिलं – नव्या सुनेकडं पाहतात तसं.

१९ फेब्रुवारी

गल्लीत मला ‘गिरणीवाल्या मॅडम’ म्हणतात. एम.ए.ला पहिली आले होते तेव्हा इतकं कुणी ओळखलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

पोळ्या काळपट झाल्या. आत्या म्हणाली, “गव्हात काहीतरी आहे.” मी जेवता जेवता पुस्तक वाचत होते.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दुपारी दारात वच्छलाबाई. हातात ताटली. ताटलीत अर्धं खाल्लेलं थालीपीठ. मागं गल्लीतल्या चार बायका, त्यांच्या मागं कडूबा.

“ही बघ! तुझ्या कॉम्प्युटरची करणी!”

थालीपीठ राजगिऱ्याचं. पण रंग निळसर. दात लावल्यावर बाजरीची चव.

“लग्न झाल्यापासून शिवरात्र मोडली नव्हती. आज मोडली. कुणी मोडली? माणसानं नाही – डबड्यानं!”

काल काय झालं ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. डबे आले तसे लागले. कुणाची बाजरी. मग वच्छलाबाईंचा राजगिरा. जो आधी आला, तो आधी गेला. उपवासाचं पीठ बाजरीच्या अंगावर!

मी कडूबाला म्हटलं, “तुम्हाला कळलं नाही? तुम्ही तर शिवरात्रीला दगड पुसून मगच उपवासाचं दळता!”

“कळलं की! डोळ्यानं दिसत होतं. पण तुम्हीच म्हणलात, मधे हात घालायचा नाय. म्हणलं, शिकलेल्या बाईचं मशीन हाय. काहीतरी इचार असंल!”

मग आत्या बोलली. आवाज न चढवता. “आधी काय दळलं ते विचार. चौथीपासून सांगते तुला.”

इतकी वर्षं मी डबा घेऊन त्या रांगेत उभी राहिले. प्रोग्रॅम लिहायला बसले तेव्हा मात्र जणू कधी गिरणी पाहिलीच नव्हती.

वच्छलाबाई खाली बसल्या. “आता महादेवाला काय सांगू?”

“सांगा,” आत्या म्हणाली, “लाइट गेली होती.”

पहिल्यांदा कडूबा हसला. मग बायका. शेवटी वच्छलाबाईही, तोंडाला पदर लावून. उरलेलं थालीपीठ मी खाल्लं. मला उपवास नव्हता. चांगलं झालं होतं!

२७ फेब्रुवारी

निकाल दोन्ही मजल्यांवर लागला.

वर शमशाद – “लिहायच्या आधी एक दिवस गिरणीत नुसतं उभं राहायचं होतं. अब्बांची रांग उचललीस आणि तशीच ठेवलीस.”

खाली सर – “रांग चुकलेली नाही. तुम्ही तिला चुकीच्या दारात उभी केलीत. आणि वरच्यांना सांगा, घाई शिकवली की असंच होतं.”

“अब्बांना सांगा, घाई नाही, काम शिकवलं.”

आबेदाबी उठल्या. लसूण सोलायचं सूप कट्ट्यावर आपटलं. “चुप! दोनो चुप! तुम्हारे झगडे में बेचारी बुढिया का रोजा टूटा!”

टरफलं सगळ्या जिन्यात.

२ मार्च

सरांनी आज वर्ग अंगणात घेतला. माझ्यासाठी – पण तसं म्हणाले नाहीत. प्रत्येकाच्या हातात खडू : कुणाला पांढरा, कुणाला पिवळा, कुणाला निळा. “आलात त्या क्रमानं उभे राहा. आता पांढरे पुढं, मग पिवळे, मग निळे. चला!”

गोंधळ झाला. मुलं हसत होती. ओळ लागली. सर ओळीतून फिरले आणि दोन पांढऱ्यांपाशी थांबले.

“तू याच्या आधी आला होतास. मागं कसा गेलास?”

“सर, दोघंही पांढरेच ना. काय फरक पडतो?”

“ज्याच्यावर वेळ येते त्याला पडतो!” मग माझ्याकडं न बघता, फळा नसल्यामुळं हवेत लिहीत – “प्रकारानं क्रम लावा. पण ज्यांचा प्रकार एक, त्यांनी आलेल्या क्रमातच राहायचं. याला स्थिर क्रमवारी म्हणतात. क्रम कुणीही लावतो. कुणावर अन्याय न करता लावणं – ते शिकावं लागतं.”

मला गिरणी दिसली. आधी सगळे गहू. मग ज्वारी. मग बाजरी. मग डाळी. पण गव्हांमध्ये जिचा डबा आधी, तिचाच आधी! एका खेपेला दगड किती कमी वेळा झाडावा लागेल – आणि लाइट तर थोडीच असते.

पळत वर गेले. शमशादला सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि विचारायला लागली : “मधेच लाइट गेली तर? गहू संपल्यावर कुणी गहू आणले तर? उपवासाचं आलं तर? वच्छलाबाई आल्या तर?”

पहिल्या तिन्हींची उत्तरं चार दिवसांत सापडतील.

६ मार्च

सबंध दिवस गिरणीत उभी राहिले. काही लिहिलं नाही. केस पांढरे करून घरी आले. आत्या म्हणाली, “आता शिकलीस.”

९ मार्च

नवा प्रोग्रॅम लागला. लाइट गेली, आली, पुन्हा गेली – यादी शाबूत. शमशादनं सवयच लावली आहे : एक ओळ लिही, सेव्ह कर. एक ओळ लिही, सेव्ह कर. उपवासाच्या पिठाला पडद्यावर आधी एक वाक्य येतं – ‘दगड पुसला का?’ कडूबानं ‘हो’ दाबल्याशिवाय पुढं जात नाही.

“म्हंजे आता मशीन मला इचारणार!”

“हो.”

“आधीच इचारलं असतं तर मी सांगितलं असतं की!”

वच्छलाबाई आल्या, स्वतःचा गव्हाचा डबा गव्हांत बरोबर जागी पाहिला, पडद्याला म्हणाल्या, “शहाणं झालं हो.” मला काही नाही.

१५ मार्च

धुळवड. शमशादनं सगळे कीबोर्ड उशीच्या अभ्र्यांत बांधून ठेवलेत.

२ एप्रिल

परीक्षेचं पत्र. बावीस तारीख.

सर : रोज एक गणित कागदावर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पेन्सिलीनं चालवून बघायचं. शमशाद : रोज एक प्रोग्रॅम मशीनवर. दोघांनाही वाटतं, दुसरा माझा वेळ खातोय. मी दोन्ही करते. आबेदाबींनी फेरे मोजणं सोडलं.

१४ एप्रिल

लाइट दिवसभर नाही. क्रांती चौकाकडून जयंतीचे ढोल ऐकू येतायत. गच्चीवर बसून पेन्सिलीनं तीन प्रोग्रॅम चालवले. तिन्ही चालले.

कागदावर लाइट जात नाही. सरांचं वाक्य. मान्य!

२२ एप्रिल

परीक्षा.

सकाळी कागद. एक प्रश्न असा – एकच यंत्र, कामं वेगवेगळ्या प्रकारची, प्रकार बदलला की यंत्र साफ करावं लागतं. क्रम कसा लावाल? मला हसू आवरेना. गिरणी लिहिली. थेट गिरणीच लिहिली – गहू, ज्वारी, राजगिरा. पुरवणी मागून घेतली.

दुपारी मशीन. थंडगार खोली. मी वाट पाहत होते. लाइट जाईना. जाईचना! इतकी सलग लाइट मी महिन्यांत पाहिली नव्हती. काय करायचं तिचं, कळेना.

आधी सगळं कागदावर चालवलं, सरांसारखं. मग टाइप करायला घेतलं. एक ओळ, सेव्ह. एक ओळ, सेव्ह. वेळ संपली तेव्हा कागदावर प्रोग्रॅम पूर्ण, मशीनवर अर्धा.

शेजारच्या मुलानं विचारलं, “मॅडम, तुम्ही कागदावर एवढं काय करत होता?”

“लाइट गेली तर म्हणून.”

त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. जनरेटर. केवढा मोठा! आमची अख्खी गिरणी त्यात मावेल.

२९ एप्रिल

नाव नाही.

फोन केला. एक बाई चांगलं बोलल्या. “कागदावर तुम्ही खूप पुढं होतात. मशीनवर वेग कमी पडला.”

संध्याकाळी सांगायला गेले. खाली, दारातच सांगितलं. सर फळ्याकडं वळले. पुसायला काही नव्हतं, तरी पुसत राहिले. मग म्हणाले, “माझ्यामुळं. आधी कागद, आधी कागद – मीच तुमच्या मागं लागलो.”

तेवढ्यात वरून, कठड्यावर वाकून, शमशाद – “नहीं अब्बा. ओळीओळीला सेव्ह मी करायला लावलं. वेळ त्यात गेला.”

“नाही, कागदात गेला.”

“अब्बा, सेव्हमध्ये!”

“कागदात, बेटा!”

मधल्या कट्ट्यावर आबेदाबींच्या हातातली बशी तशीच राहिली. “या अल्ला,” त्या हळूच म्हणाल्या, “बात करे.”

मी नापास झाले होते. आणि जिन्यात उभी राहून हसत होते.

३० एप्रिल

आप्पांना फोन केला. “बरं झालं,” म्हणाले. मग हळूच, “वाईट नको वाटून घेऊ.” सात तारखेला जीप घेऊन येतात. आत्याचं वर्षाचं धान्य आणणार, मला नेणार. येताना पोती, जाताना मी.

२ मे

पुस्तकं खोक्यात भरली. दोन खोकी झाली. खोली एकदम मोठी वाटते.

संध्याकाळी निरोप घ्यायला गेले, तर तिघंही कट्ट्यावर! सर दोन पायऱ्या खाली, शमशाद दोन पायऱ्या वर, मधे आबेदाबी.

शमशाद म्हणाली, “माझ्याकडं येतात त्यांना ‘का’ विचारता येत नाही. अब्बांकडच्यांना बटन सापडत नाही. सहाच्या आधी एक तास कुणीतरी घ्यायला हवा. दोन्हीकडच्यांना. गल्लीतल्या बायकांनाही – त्या विचारतायत, गिरणीवाल्या मॅडम शिकवतील का. एक मशीन देते.”

मी म्हटलं, मला येतं तरी काय? मी तर नापास झाले.

सर म्हणाले, “आम्हाला विषय येतो. शिकवणं तुम्हाला येतं. तुमचा मराठीचा तास मी एकदा बाहेरून ऐकलाय.” कधी? कुठं? सांगितलं नाही.

“पण जागा?”

आबेदाबींनी लसणाचं सूप उचललं. बूड झटकलं. “ये ले मेरा कट्टा. हवा अच्छी आती. लसून मैं घर में छील लूंगी.”

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला – आप्पा.

७ मे

आजचं सगळं लिहिते. हात दुखला तरी.

आप्पा आले. पोती उतरवली. चहा झाला. मी कट्ट्याचं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. “जिन्यात शिकवणार? आप्पासाहेबाची पोरगी जिन्यात?” मग आत्यानंच गव्हाचा डबा भरला. “आप्पा, जा बरं, नवे गहू दळून आण. जेवणाला पोळ्या करते.” आप्पांनी आयुष्यात डबा उचलला नसेल. पण थोरल्या बहिणीला कोण नाही म्हणणार! मीही मागोमाग गेले.

लाइट नव्हती. आप्पांनी डबा पहिला ठेवला, स्टुलावर मांडी घालून बसले. मग बायका आल्या. ज्वारी, डाळ, गहू. शेवटी वच्छलाबाई – उपवासाची भगर घेऊन, उद्याच्या सोमवारसाठी. दगड सकाळपासून पुसूनच ठेवला होता. लाइट आली. कडूबानं बोटानं नावं भरली. पडदा म्हणाला : आधी वच्छलाबाई. मग बाकी.

आप्पा उभे राहिले. “ओ! माझा नंबर पहिला हाय! मी सगळ्यांच्या आधी आलो!”

कडूबानं दोन्ही हात वर केले. “मला नका सांगू. मशीन म्हणतं तसं.”

“कोणतं मशीन? बंद करा ते! वैजापुरात माझ्या आधी कुणी –”

“अहो पाहुणे,” वच्छलाबाई म्हणाल्या, “बसा खाली. दगड पुसलेला आहे, तर उपवासाचं आधी होणार. तुमचे गहू आधी टाकले तर माझा सोमवार गेला. मग तुम्ही धरणार का उपास माझ्या नावानं? आणि गव्हात तुम्हीच पहिले आहात, कुणी तुमच्या पुढं जात नाही. इथं पायानं डबा सरकवून चालत नाही!”

हे वच्छलाबाई बोलल्या!

आप्पा बसले. पडदा पाहत राहिले. बाजरीवाली त्यांच्यानंतर आली, त्यांच्या मागं लागली. एक गहूवाली आली, तीही त्यांच्या मागं, पण बाजरीच्या पुढं. आप्पांनी तिला डब्यात काय ते विचारलं, मग स्वतःच मान हलवली. कळलं त्यांना. आप्पांना हिशेबी गोष्ट लगेच कळते.

“ह्ये कुणी केलं?”

कडूबानं माझ्याकडं बोट दाखवलं. “ह्या मॅडम. पहिल्यांदा लई घोळ घातला होता. मंग सुधारलं.”

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी, अंगावर पीठ.

“म्हंजे माझ्या पोरीनंच मला मागं बसवलं?”

“व्हय,” मी म्हटलं.

गिरणी चालू होती. आवाज मोठा. आप्पा काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. चेहऱ्यावरून राग वाटला. मग खांदे हलले. हसत होते!

जेवताना तिसरी पोळी मागून घेतली. “एक वरीस,” म्हणाले. “एक वरीस बघू. अन् जिन्याला कठडा धड हाय का, ते आधी बघून येतो.”

८ मे

आप्पा कठडा हलवून बघून गेले. सरांशी तासभर बोलले – द्राक्ष, कापूस, दौलताबादच्या पायऱ्या. माझं नाव कुणीच काढलं नाही. जीप रिकामी गेली.

११ मे

तिसरी पाटी. रंगवली शमशादनं, मजकूर माझा, शुद्धलेखन सरांनी तपासलं. ‘उज्ज्वला. पाच ते सहा. आधी डोकं, मग हात – किंवा उलट.’

१५ मे

पहिला दिवस. कट्ट्यावर सहा जण. वच्छलाबाईंची सून सगळ्यांत आधी. मी सुरुवात करणार, तेवढ्यात खालून पायऱ्यांवर चपला वाजल्या. सर. गुडघा न धरता, हातात नवी वही.

“जागा आहे का बाई?”

मला वाटलं, थट्टा. म्हटलं, “सर, तुम्हाला काय शिकवायचं? तुम्हाला सगळं येतं.”

“येतं. सगळं येतं.” वर कठड्यापाशी शमशाद उभी होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग मशीनकडं. “हात मात्र कधी लावला नाही. चालू कुठून करतात?”